समुद्र कुठे गेला?

पाच वर्षांच्या मुलीने विचारलेला प्रश्न वर्तमानपत्राच्या या पानावर चर्चेला घ्यावा की नाही, याविषयी दुमत होऊ शकेल. हे पान अर्थसंकल्पाचे, पक्षांतरांचे, पाणीवाटपाच्या तंट्यांचे. परंतु काही प्रश्न असे असतात की ते विचारायला मूलच लागते; मोठी माणसे ते विचारण्याचे वय आणि धैर्य दोन्ही गमावून बसलेली असतात. अशाच एका प्रश्नाची ही हकीकत आहे.

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी माझ्या मुलीला समुद्र दाखवावा म्हणून मी तिला घेऊन डोंबिवलीहून मुंबईच्या एका चौपाटीवर गेलो. चौपाटीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते एका जागेचे गाऱ्हाणे नाही. बरोबर पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली, कपड्यांचा एक जोड आणि प्लॅस्टिकची छोटी बादली एवढा सरंजाम होता. साडेनऊच्या सुमारास आम्ही वाळूवर पाय ठेवला. मुलीच्या मनात चित्रांच्या पुस्तकातला समुद्र होता: निळाशार, पायांशी येऊन फुटणारा. समोर होती ती दूरवर पसरलेली ओली, काळसर पुळण आणि तिच्या पलीकडे पाण्याची एक करडी रेघ. ती क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "बाबा, समुद्र कुठे गेला?"

"याला ओहोटी म्हणतात," असे मी सांगितले. "मग परत कधी येणार?" या दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. समुद्रापासून दीडएक तासाच्या अंतरावर मी सारा जन्म काढला आहे. लोकलगाड्यांच्या वेळा मला मिनिटांच्या हिशेबाने पाठ आहेत. ज्या पाण्याने या शहराला बंदर दिले, व्यापार दिला, नाव दिले, ते पाणी आज किती वाजता किनाऱ्याला येईल, हे मला ठाऊक नव्हते. आणि ते सांगणारा साधा फळाही त्या किनाऱ्यावर कोठे दिसत नव्हता. शेजारी ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत एक वृद्ध कोळी जाळे दुरुस्त करीत बसले होते. मुलीनेच त्यांना विचारले, "आजोबा, समुद्र कधी येणार?" त्यांनी मान वर न करताच सांगितले, "आज पंचमी ना? पावणेचारला भरेल."

हा चमत्कार नव्हता, हिशेब होता. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याला पाऊणने गुणावे, म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, अष्टमीला आठ पाऊणे सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी आणि तिच्यानंतर तितक्याच काळाने पुन्हा भरती. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच मागे पडते; त्या गणिताची ही घरगुती आवृत्ती. तिच्यात अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो आणि ती अधिकृत वेळापत्रकाची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. पण घड्याळ नसलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्या आधारावर होड्या लोटल्या. पूर्वीच्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत असत. त्या पाऊणकीचा एवढा जिवंत उपयोग आपल्या दारात होता, आणि पाऊणकी व समुद्र अशा दोन्हींची ओळख आपण एकाच सुमारास सोडली, असे म्हणावे लागते.

भरतीच्या वेळा आपल्याकडे छापून येतच नाहीत, असे नाही. पावसाळा आला की त्या ठळक अक्षरांत छापल्या जातात. साडेचार मीटरहून उंच लाटा उसळणार, असे वाचले की मुंबईकर कचेरीतून लवकर निघण्याचा विचार करू लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भरतीमुळे पाण्याला वाट मिळेना. तेव्हापासून ही धास्ती रास्तही आहे. पण मग समुद्राशी आपले उरलेले नाते काय? पावसाळ्यात भीती आणि उरलेल्या आठ महिन्यांत विस्मरण. आपल्या मुलांना आपण जो समुद्र वारसा म्हणून देत आहोत, तो असा केवळ धोक्याच्या सूचनेतून ओळखीचा झालेला आहे.

ओहोटीने आमचा मुळीच विरस केला नाही, हेही सांगितले पाहिजे. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली होती. नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येत, वाळू तोंडाशी नेऊन तिच्यातला अन्नकण टिपत आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकीत. पावलांची चाहूल लागताच सारी वसाहत नाहीशी होई. भरती आली की नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला हे जीव ती पुन्हा घालू लागतात. मुलगी दीड तास एकाच जागी उकिडवी बसून होती. घरी तिला पाच मिनिटे एका जागी बसवताना आमची किती त्रेधा उडते, हे ज्यांच्या घरी त्या वयाचे मूल आहे त्यांना सांगायला नको. मुंबईच्या किनाऱ्यांवर असे केवढे तरी जीवन अजून तग धरून आहे. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातील अभ्यासक सामान्य नागरिकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन ते दाखवीत आले आहेत. या प्रदर्शनाला तिकीट नाही, रांग नाही आणि ते दिवसातून दोनदा नव्याने मांडले जाते.

दुपार झाली आणि गोष्टींनी वेगळे वळण घेतले. ऊन चढले, त्या विस्तीर्ण पुळणीवर सावली फक्त खाद्यपदार्थांच्या गाड्यांची. डबा खाऊन झाल्यावर मुलीने, कोणतेही मूल जे सांगते ते सांगितले. जवळच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या स्त्रियांच्या बाजूला कुलूप होते. किल्ली कोणाकडे असते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुरुषांच्या बाजूला पाच वर्षांच्या मुलीला घेऊन जावे, अशी तेथील अवस्था नव्हती. शेवटी रस्ता ओलांडून एका उपाहारगृहात शिरलो, नको असलेला चहा मागवला आणि त्या चहाच्या किमतीत तिची सोय झाली. चहाचे पैसे मला परवडले. पण त्याच वाळूवर तीन मुलांना घेऊन बसलेल्या एका बाईंनी काय केले असेल, हा विचार परतताना मनातून जाईना. समुद्र फुकट आहे, असे आपण म्हणतो. त्याच्या काठी पाच-सहा तास माणसासारखे राहायचे, तर मात्र मोल पडते. आणि ज्याला ते देता येत नाही, त्याने तासाभरात घरी जावे, असा या व्यवस्थेचा न बोललेला नियम आहे.

तीन वाजता करडी रेघ जवळ येऊ लागली आणि पावणेचारच्या आसपास आजोबांचा शब्द खरा झाला. मुलीने चपला काढल्या, बादली उचलली आणि ती पाण्याकडे धावत सुटली. मी तिचा हात धरून तिला मागे ओढले आणि म्हणालो, "नको."

या एका शब्दासाठीच हा लेख लिहिला आहे. बाप आपल्या मुलीला समुद्र दाखवायला नेतो, ती सहा तास त्याची वाट पाहते, आणि तो आल्यावर बाप म्हणतो, नको. असे म्हणण्याची पाळी त्याच्यावर का यावी?

पहिले कारण पाण्याचा रंग आणि वास. किनाऱ्याच्या एका टोकाला नाला समुद्रात मिळत होता आणि त्याने काय आणले आहे, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज नव्हती. स्नानायोग्य समुद्रजलासाठी आपल्या देशात अधिकृत निकष आहे: शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य जिवाणूंची संख्या साधारणपणे शंभरापेक्षा अधिक नसावी. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ किनाऱ्याच्या पाण्याचे नमुने नियमाने तपासते. पण तपासणीचे निष्कर्ष कागदोपत्री राहतात. ज्या बापाला त्या क्षणी ठरवायचे असते, त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाहीत. एवढ्या अफाट शहराचे सांडपाणी जाणार कोठे, असा प्रश्न विचारला जातो. वरळी आणि वांद्रे येथून तीन किलोमीटरहून अधिक लांबीच्या नळांनी ते खोल समुद्रात सोडण्याची योजना झाली. परंतु पुरेशी प्रक्रिया न झालेले पाणी दूर नेऊन सोडणे म्हणजे घाण शेजाऱ्याच्या अंगणात टाकण्याची सुधारलेली पद्धत. आणि नाल्यांतून थेट किनाऱ्याला येणाऱ्या पाण्याला तर तेवढाही प्रवास नाही. जानेवारी २०२३ मध्ये दररोज सुमारे २४६ कोटी लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करू शकतील, अशा सात केंद्रांचे भूमिपूजन झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र भूमिपूजनाच्या वर्षी जन्मलेली मुले वाळूत खेळण्याच्या वयाला येऊन ठेपली, हे विसरून चालणार नाही. बालपण हा टप्प्याटप्प्याने पूर्ण करण्याचा प्रकल्प नव्हे.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. पाण्याचा उतार कोठे एकदम खोल होतो, ओढ कोणत्या बाजूला आहे, हे मला ठाऊक नव्हते. मुंबईच्या प्रमुख किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले असतात आणि ते जीव धोक्यात घालून माणसे वाचवतात, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. पण बुडणाऱ्याला बाहेर काढणे हा शेवटचा उपाय होय. कोणत्या पट्ट्यात उतरावे आणि कोणत्या पट्ट्यात उतरू नये, हे झेंडे लावून आधीच सांगणे, हा पहिला. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर संघटित जीवरक्षक सेवा उभारली आणि तेथे अशी निशाणे नित्याची झाली. आपल्या राज्याला सातशे किलोमीटरहून लांब किनारा लाभला आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या दहाहून अधिक विद्यार्थ्यांना जलसमाधी मिळाली. घाटावर वाढलेल्या मुलांना भरती-ओहोटीची सवय कोठून असणार? अशी दुर्घटना झाली की आपल्याला प्रथम सुचते ती बंदी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली बुडून होणाऱ्या मृत्यूंविषयी जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात शाळकरी मुलांना पोहणे आणि पाण्यातील सुरक्षितता शिकवावी, असा उपाय सुचवला होता. बंदीने मूल पाण्यापासून दूर राहते ते मोठ्यांची नजर असेपर्यंत. समज मात्र जन्मभर सोबत करते.

येथे कोणी म्हणेल की, ज्या शहरात माणसांना घर नाही, नळाला पाणी नाही, तेथे मुलांच्या वाळूत खेळण्याची चिंता ही पोट भरलेल्यांची चैन आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ज्याच्या सोसायटीत बाग आहे, तरणतलाव आहे, ज्याला सुटीत दूरदेशीचे किनारे गाठता येतात, त्याला सार्वजनिक चौपाटीची गरज सर्वांत कमी. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांबरोबर वाढणाऱ्या मुलाला तिची गरज सर्वांत अधिक. मुंबईत माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरही भरत नाही. म्हणजे एक खाट टाकली की मुलाच्या वाट्याचे मैदान संपले. अशा शहरात जो मोकळा पट्टा कोणत्याही बांधकाम व्यावसायिकाने दिलेला नाही, जो समुद्र दिवसातून दोनदा स्वतः आखून देतो, त्याची उपेक्षा ही गरिबांच्या मुलांची उपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. किनारा घाण करणारे कोण? आपणच. त्या दिवशी भेळेचे कागद आणि पाण्याच्या बाटल्या वाळूत टाकणारी माणसे माझ्यासारखीच मुलाबाळांना घेऊन आलेली होती. हा दोष नाकारण्यात अर्थ नाही. पण तो सुधारता येतो, हेही याच शहरात दिसले आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी वर्सोव्याच्या किनाऱ्यावरील कचरा स्वतःच्या हातांनी उचलायला सुरुवात केली. पुढे शेकडो माणसे त्यांना येऊन मिळाली. मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. नागरिकांनी कचरा उचलला, हे भूषणावह खरे. पण सांडपाण्याचा नाला काही नागरिकांना हातांनी उचलता येत नाही. तेथे शासनाचीच जबाबदारी सुरू होते.

ही जबाबदारी केवळ नैतिक नाही. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या सर्वांच्या सामाईक वस्तू आहेत, असे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या विधिग्रंथात नमूद झाले. हेच तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ प्रकरणातील निकालात स्वीकारले: शासन हे नैसर्गिक संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे. त्यापूर्वी १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले होते. १९९१ साली त्याला अधिसूचनेचे रूप आले. पुढे तिच्यात सवलतींची भर पडत गेली आणि २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकाममुक्त पट्टा दोनशे मीटरांवरून पन्नास मीटरांवर आणला. विश्वस्ताने ठेव सांभाळायची असते. ज्याची ठेव आहे तो अजून पाच वर्षांचा आहे आणि त्याला मत नाही, म्हणून तिच्यातून उचल करीत राहणे याला कोणत्याही भाषेत विश्वस्तपणा म्हणत नाहीत.

पैसा नाही, ही सबबही टिकणारी नाही. मलबार हिलच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे खोदून आपण किनारा रस्ता नेला. मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला झाला. ते अभियांत्रिकी कौशल्य वाखाणण्यासारखे आहे. त्याच्या कडेने पायी फिरण्यासाठी वाट झाली, तीही स्वागतार्ह. परंतु कठड्यावरून पाहिलेला समुद्र हा देखावा असतो आणि पायांना लागलेला समुद्र हा अनुभव. देखावा विकता येतो, त्याची किंमत सदनिकेच्या चौरस फुटात मिळवता येते. अनुभवाचे तसे नाही. म्हणूनच की काय, आपल्या नियोजनात पहिल्याची चिंता फार आणि दुसऱ्याची जवळजवळ नाही. २०२० साली देशातील पहिल्या आठ किनाऱ्यांना स्वच्छता, सुरक्षितता आणि सोयी यांसाठीचा 'ब्लू फ्लॅग' हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्यांत महाराष्ट्रातला एकही नव्हता, याची कोणाला फारशी खंत वाटल्याचेही आठवत नाही.

मागणे तरी किती लहान आहे! प्रत्येक सार्वजनिक किनाऱ्याच्या प्रवेशापाशी एक फळा असावा. त्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाण्याच्या ताज्या तपासणीचा निष्कर्ष सामान्य माणसाला कळेल अशा मराठीत लिहिलेला असावा. पाण्यात उतरण्याचा सुरक्षित पट्टा झेंड्यांनी आखलेला असावा. दिवसभर उघडे राहणारे स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि थोडी सावली असावी. आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाने, निदान किनारी जिल्ह्यांत, वर्षातून एकदा शिक्षकांबरोबर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जावे आणि तिथीवरून भरती कशी काढतात, हे समुद्रासमोर उभे राहून ताडून पाहावे. यांपैकी सांडपाण्याचा प्रश्न तेवढा मोठ्या खर्चाचा आहे. फळा लिहिण्यास आणि कुलूप काढण्यास कोणते भूमिपूजन लागणार?

आम्ही त्या दिवशी पाण्यापासून पाच पावलांवर उभे राहून समुद्र पाहिला. खेकड्यांची नक्षी बुडाली, होड्या हलू लागल्या. मुलीने हट्ट धरला नाही, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले. 'नको' ऐकून लगेच थांबण्याची सवय या शहरातल्या मुलांना फार लवकर लागते. परतीच्या गाडीत तिने विचारले, "पुढच्या रविवारी समुद्र किती वाजता येणार?" मी बोटांवर मोजले. पंचमीनंतर सातवा दिवस, म्हणजे द्वादशी. बारा पाऊणे नऊ. "सकाळी नऊला," मी जरा अभिमानानेच सांगितले. ती खूश झाली आणि म्हणाली, "मग तेव्हा पाण्यात जायचं?"

या प्रश्नाचे उत्तर पाऊणकीत सापडत नाही. ते ज्यांच्याकडे मागायचे, त्यांच्यापर्यंत तो पोहोचावा, एवढ्यासाठी येथे लिहिला आहे.